पायथॉनला कंचेभागुबेव शिकवलेलं नाही

कंचेभागुबेव. मराठी माध्यमात शिकला असाल तर हा शब्द अजून पाठ असेल: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पदावली सोडवताना कुठली क्रिया आधी करायची त्याचा हा क्रम. इंग्रजी माध्यमवाले त्याच्या भावाला बॉडमास म्हणतात. शाळा सुटते, शब्द मागे पडतो, सवय मात्र राहते. मग एम.एस्सी. होतं, पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू होते, कुणीतरी सांगतं की पायथॉन शिकून ठेव, आणि आपण तीच सवय घेऊन कोड लिहायला बसतो. बहुतेक वेळा निभावून जातं. हा लेख निभावत नाही त्या वेळांबद्दल आहे.

त्यातल्याही काही वेळा बऱ्या असतात. मशीन लाल अक्षरांत एरर देतं, आपण शोधतो, दुरुस्त करतो, संपलं. वाईट वेळ ती, जेव्हा कोड सुरळीत चालतो, आकडा येतो, आलेखही छान दिसतो, आणि तो आकडा तुमच्या सूत्राचा नसतोच. वहीतलं सूत्र बरोबर, डेटा बरोबर, आणि मधल्या एका ओळीत एका चिन्हाने घोटाळा केलेला. असा आकडा प्रबंधात गेला तर तो व्हायव्हापर्यंत, कधीकधी त्याच्याही पुढे, तसाच राहतो.

पुढे जाण्याआधी एक सूचना. उदाहरणांत मी चलांची नावं मराठीत ठेवली आहेत. पायथॉन ३ मध्ये ती खरोखर चालतात, करून बघा. आकडे मात्र देवनागरीत चालत नाहीत, ते टाइप करताना इंग्रजी आकडे वापरा. अँड, ऑर, नॉट, इन हे शब्दही अर्थातच इंग्रजीत.

आता आधी मराठीतलंच उदाहरण घेऊ. 'नवीन पुस्तकांचं दुकान' असं मी म्हटलं, तर नवीन काय आहे? पुस्तकं की दुकान? दोन्ही अर्थ निघतात. 'नवीन'च्या जागी 'जुना' हा शब्द घाला. 'जुन्या पुस्तकांचं दुकान' म्हटलं की पुस्तकं जुनी, 'जुनं पुस्तकांचं दुकान' म्हटलं की दुकान जुनं. विशेषणाचं रूप बदलतं आणि ते कुणाला चिकटलंय ते कळतं. 'नवीन' कुठेच बदलत नाही, म्हणून घोळ होतो. अप्पा बळवंत चौकात उभं राहून कुणी हे बोललं तर आपण संदर्भावरून समजून घेतो.

प्रोग्रॅमिंग भाषेतली सगळी चिन्हं 'नवीन'सारखी असतात. त्यांना विभक्ती नाही, सामान्यरूप नाही, आणि मशीनला संदर्भ कळत नाही. `अ + ब * क` या ओळीत ब कुणाचा, बेरजेचा की गुणाकाराचा, हे चिन्हांकडे बघून ठरत नाही. म्हणून प्रत्येक भाषा एक तक्ता ठरवून ठेवते. त्यात दोन गोष्टी असतात. एक, कुठलं चिन्ह शेजारच्या आकड्याला जास्त घट्ट धरतं. याला प्रिसिडन्स म्हणतात, आपण अग्रक्रम म्हणू. दुसरी, एकाच ताकदीची दोन चिन्हं शेजारी आली तर गट डावीकडून पाडायचे की उजवीकडून. हिला असोसिएटिव्हिटी म्हणतात, आपण नुसतं दिशा म्हणू. मशीन तुमची ओळ चालवण्याआधी या तक्त्यानुसार तिला अदृश्य कंस घालतं. हे काम करणारा भाग म्हणजे पार्सर. गणित त्यानंतर.

तक्ता प्रत्येक भाषेचा वेगळा असतो. या लेखातला सगळा त्रास या एका वाक्यातून येतो.

कंचेभागुबेव हाही असाच एक तक्ता आहे, आणि शब्दशः घेतला तर त्यात दोन जागा अशा आहेत की जिथे तो आणि पायथॉन वेगळे पडतात. पहिली जागा सोपी. शब्दात भागाकार गुणाकाराच्या आधी आहे आणि बेरीज वजाबाकीच्या आधी. म्हणून १० − ३ + २ मध्ये आधी ३ + २ करून उत्तर ५ काढणारी मुलं दरवर्षी निघतात. खरं उत्तर ९. भागाकार-गुणाकार एकाच पायरीवर आहेत, बेरीज-वजाबाकीही, आणि एका पायरीवर डावीकडून उजवीकडे जायचं. साध्या आकड्यांत भागाकार आधी केला काय आणि नंतर केला काय, फरक पडत नाही म्हणून हे खपून जातं. पण पायथॉनमधला पूर्णांकी भागाकार घ्या:

    ३ * ५ // २

डावीकडून गेलं की १५ // २, म्हणजे ७. 'भागाकार आधी' म्हटलं तर ३ * २, म्हणजे ६. पायथॉन ७ देतं.

दुसरी जागा मला जास्त आवडते. ती म्हणजे 'चे'. शाळेत '१२ ÷ ४ चे १/२' असं गणित असायचं. 'चे' म्हणजे गुणाकारच, पण तो भागाकाराच्या आधी करायचा. म्हणजे ४ चे अर्धे २, आणि १२ ÷ २ = ६. तेच 'चे' काढून × लिहिलं तर १२ ÷ ४ = ३, त्याचे अर्धे १.५. एकच क्रिया, दोन वेगळे अग्रक्रम. शाळेनंतर 'चे' कुठे भेटत नाही असं वाटतं ना? ज्युलिया भाषेत भेटतो. ज्युलियात आकड्याला चिकटवून चल लिहिता येतो, `४क` म्हणजे ४ गुणिले क, आणि हा चिकटलेला गुणाकार भागाकाराहून घट्ट असतो. क ची किंमत ०.५ असेल तर `१२/४क` चं उत्तर ६ येतं आणि `१२/४*क` चं १.५. हुबेहूब 'चे'. पायथॉनमध्ये `४क` लिहिलंत तर सरळ सिंटॅक्स एरर.

आणि हा 'चे' तुम्ही वाचत असलेल्या प्रत्येक शोधनिबंधात आहे. भौतिकशास्त्राच्या लेखात ओळीत 'ओमेगा/२पाय' असं छापलेलं असतं तेव्हा सगळे त्याचा अर्थ 'ओमेगा भागिले (२ गुणिले पाय)' असाच घेतात. आपण ते उचलून कोडमध्ये टाकतो, मधे गुणाकाराचं चिन्ह घालतो:

    वारंवारिता = ओमेगा/२*पाय

पायथॉनने वाचलं: ओमेगा भागिले २, त्याला पायने गुणा. भागायचं होतं तिथे गुणलं गेलं, म्हणजे उत्तर पायच्या वर्गाने मोठं झालं. पायचा वर्ग ९.८७. जवळजवळ दहा! त्यामुळे चूक दिसली तरी ती दशांश चिन्हाची किंवा एककाची वाटते, आणि माणूस दिवसभर भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

याच जातीची, पण याहून लबाड ओळ आता बघा. सामान्य वितरणाचा, म्हणजे गाउसच्या घंटाकृती आलेखाचा, घातांक:

    -क्ष**२/२*सिग्मा**२

कागदावर हा 'वजा क्ष वर्ग भागिले दोन सिग्मा वर्ग' असा छान वाचता येतो. पायथॉनच्या कंसांसह तो असा आहे: वजा क्ष वर्ग, भागिले २, आणि मग त्या सगळ्याला सिग्माच्या वर्गाने *गुणलेलं*. क्ष = २, सिग्मा = २ घालून बघा. खरा घातांक −०.५, म्हणजे ई चा घात ०.६०७. कोडचा घातांक −८, म्हणजे ०.०००३३५.

इतका फरक असेल तर लगेच सापडेल, असं वाटेल. नाही सापडत, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. कोड तपासताना आपण सगळ्यात सोपा आकडा घालतो. सिग्मा = १. आणि १ ने गुणलं काय, भागलं काय, एकच. चाचणी पास. शिवाय चुकीच्या ओळीचा आलेखही घंटाकृतीच येतो, फक्त त्याची रुंदी सिग्मा नसून एक भागिले सिग्मा असते. सिग्मा वाढवला की घंटा पसरायच्या ऐवजी निमुळती होते. एकच आलेख काढलात तर काहीच खटकणार नाही. सिग्मा ०.५, १ आणि २ असे तीन एकावर एक काढलेत तर दोन सेकंदांत दिसेल. म्हणून चाचणीला १ आणि ० हे आकडे वापरू नयेत, असं माझं ठाम मत आहे. तिथे बरोबर आणि चूक एकसारखी दिसतात. २ सुद्धा थोडा संशयास्पद, कारण २ + २ आणि २ × २ सारखेच. ३ आणि ७ घ्या.

आता घाताच्या चिन्हाबद्दल, कारण एक्सेलमधून येणारे बहुतेक जण इथे अडखळतात. एक्सेलच्या खान्यात `=-२^२` टाइप करा. उत्तर ४. पायथॉनमध्ये `-२**२` लिहा. उत्तर −४. एक्सेलच्या तक्त्यात वजाचं चिन्ह घातापेक्षा घट्ट आहे, म्हणजे आधी −२ आणि मग वर्ग. पायथॉन, फोर्ट्रान, आर, मॅटलॅब या सगळ्यांत घात घट्ट, गणिताच्या पुस्तकासारखा. जावास्क्रिप्टने तिसराच मार्ग काढला: `-२**२` लिहिलंत तर ती चालवायलाच नकार देते, आधी कंस घाला म्हणते. मला हा सगळ्यात सभ्य पर्याय वाटतो. दिशेचंही तसंच. `२**३**२` पायथॉनमध्ये ५१२, कारण घात उजवीकडून बांधला जातो, आधी ३ चा वर्ग. तेच एक्सेल किंवा मॅटलॅबमध्ये ^ वापरून लिहिलंत तर ६४, कारण तिथे डावीकडून.

आणि सवयीने पायथॉनमध्येच ^ वापरलंत तर? पायथॉनमध्ये ते घाताचं चिन्हच नाही. ते आकड्यांच्या द्विमान रूपातल्या बिट्सवर चालणारं चिन्ह आहे, दोन आकड्यांत जिथे बिट वेगळे तिथे १. `१०^६` चं उत्तर दहा लाख येत नाही, १२ येतं. `१०^९` चं उत्तर ३. एरर नाही, सूचना नाही. दशांश अपूर्णांकावर वापरलंत तरच एरर येते.

हे आकडे मी उगाच घेतले नाहीत. मी धायरीत राहते. पावसाळ्यात इथे सगळ्यांच्या फोनवर एकच गोष्ट फिरत असते, खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक सोडले. वर पानशेत, वरसगाव, टेमघर, खाली खडकवासला, आणि पुढे शहरात भिडे पूल पाण्याखाली गेला की नाही याची चर्चा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. २०,००० क्युसेक विसर्ग २४ तास चालला तर २०,००० × ८६,४००, म्हणजे १.७२८ अब्ज घनफूट, १.७२८ टीएमसी. या हिशोबात `१०^९` लिहिणाऱ्याचं धरण किती भरेल विचार करा.

तर समजा तुमच्याकडे अशा नोंदींचा तक्ता आहे: रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये, आणि ठाण्याचं नाव. जोरदार पाऊस *आणि* मोठा विसर्ग असलेले दिवस हवेत. पांडाज वापरणारा प्रत्येक नवशिका पहिल्यांदा हे लिहितो:

    पाऊस > ५० & विसर्ग > १००००

पायथॉनच्या तक्त्यात & हे > पेक्षा घट्ट आहे. म्हणून आधी `५० & विसर्ग` होतं, पुन्हा बिट्सचं गणित. मग उरतं `पाऊस > (काहीतरी) > १००००`. पूर्ण स्तंभ असतील तर इथे एरर येते, स्तंभ खरा की खोटा हे सांगता येत नाही अशा अर्थाची. संदेश वाचून काही बोध होत नाही, पण निदान काम थांबतं. लूप लावून एकेका दिवसाचे पूर्णांक तपासत असाल तर तेवढंही होत नाही. ८० मिलिमीटर आणि २०,००० क्युसेकचा दिवस घ्या. `५० & २००००` म्हणजे ३२. मग `८० > ३२ > १००००`, उत्तर खोटं. खरं तर ५० & काहीही हे ५० च्या वर कधी जाऊच शकत नाही, त्यामुळे ही अट एकाही दिवशी खरी ठरणार नाही. तुमचा निष्कर्ष: असे दिवस शून्य. उपाय एवढाच की दोन्ही तुलना कंसात घाला.

    (पाऊस > ५०) & (विसर्ग > १००००)

हेच आर भाषेत कंसांशिवाय लिहा, बिनचूक चालतं. तिथे & तुलनेपेक्षा सैल आहे. मग पायथॉनने असं का केलं? गोष्ट सी भाषेपर्यंत मागे जाते. सी आली बेल लॅब्समध्ये, बी नावाच्या भाषेतून. बी मध्ये & हे एकच चिन्ह दोन्ही कामं करायचं, अटी जोडायचं आणि बिट्स जोडायचं. अटींसाठी ते तुलनेपेक्षा सैलच हवं होतं, तसंच ठेवलेलं. पुढे सी मध्ये अटींसाठी && हे वेगळं चिन्ह आलं, & कडे फक्त बिट्सचं काम उरलं. तेव्हा खरं तर & ला वर सरकवायला हवं होतं. पण आधी लिहिलेला कोड मोडेल म्हणून डेनिस रिची यांनी ते जागीच ठेवलं. सरकवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय, आणि त्या वेळी सांभाळायला कोड होता काहीशे किलोबाइट, जागा दोन-तीन. त्या वेळेपासून सी मध्ये `अ & ब == ०` चा अर्थ `अ & (ब == ०)` असा, बिट तपासणाऱ्या प्रत्येकाला चकवणारा.

पायथॉनने ही जुनी चूक सुधारली, & ला तुलनेच्या वर ठेवलं. आणि मग नम्पाय-पांडाजवाल्यांनी त्याच & ला पुन्हा स्तंभांच्या अटी जोडायला लावलं, कारण पायथॉनचा 'अँड' स्तंभांसाठी बदलता येत नाही. म्हणजे चिन्ह परत जुन्या कामावर आलं, पण जागा मात्र नवी. एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे अशी उगवते.

नकाराचंही असंच. स्तंभात ठाण्यांचे क्रमांक आहेत आणि ३ क्रमांकाचं ठाणं सोडून बाकी हवीत. पायथॉनचा 'नॉट' तुलनेपेक्षा सैल आहे, स्तंभांवरचं ~ मात्र सगळ्यात घट्ट चिन्हांपैकी.

    ~ठाणे == ३

याचा अर्थ 'ठाणे ३ आहे' याचा नकार नव्हे. आधी ठाणे-क्रमांकांचेच बिट्स उलटतात (३ चा −४ होतो), मग तो ३ आहे का हे बघितलं जातं. उत्तर सगळीकडे खोटं. एरर नाही, रिकामा तक्ता. आरमध्ये नकाराचं चिन्ह ! असून ते तुलनेपेक्षा सैल आहे, म्हणून तिथली हीच ओळ बरोबर चालते. सी मध्ये तेच ! घट्ट आहे, तिथे पुन्हा फसते. लॅबमधल्या सीनियरचा जुना कोड एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरवायचं काम नव्या विद्यार्थ्याकडे येतं, जवळजवळ नेहमीच. ते करताना चिन्हं तशीच दिसली म्हणून तशीच ठेवू नका.

आणखी एक चूक थेट बोलण्यातून येते. 'ठाणं खडकवासला किंवा पानशेत असेल तर' असं आपण म्हणतो, आणि लिहितोही तसंच:

    ठाणे == "खडकवासला" ऑर "पानशेत"

'ऑर' तुलनेपेक्षा सैल. म्हणून दोन भाग पडतात: `ठाणे == "खडकवासला"`, आणि नुसतं `"पानशेत"`. रिकामा नसलेला शब्द पायथॉन खरा मानतं. त्यामुळे ही अट टेमघरलाही लागू, वरसगावलाही लागू, आणि जगातल्या कुठल्याही धरणाला. मराठीत 'असेल' हे क्रियापद दोन्ही नावांवर आपोआप पसरतं, कोडमध्ये पसरत नाही. `ठाणे इन ["खडकवासला", "पानशेत"]` लिहा.

एका ठिकाणी मात्र पायथॉन माणसासारखं वाचतं. `० < क्ष < १०` म्हटलं की क्ष दोन्हींच्या मधे आहे का हेच तपासलं जातं. सी आणि मॅटलॅबमध्ये हीच ओळ डावीकडून सुटते: `० < क्ष` चं उत्तर ० किंवा १, आणि ते १० पेक्षा लहान असणारच. अट कायम खरी. आरमध्ये सिंटॅक्स एरर. एकच ओळ, तीन वागणुका.

आर आणि मॅटलॅब दोन्ही वापरणाऱ्यांसाठी एक घाईत सांगते: `१:न-१` हे मॅटलॅबमध्ये १ पासून न−१ पर्यंत, आरमध्ये (१:न) मधून प्रत्येकी १ वजा, म्हणजे ० पासून न−१ पर्यंत. आरमध्ये लूप लिहिताना कंस हवाच.

अग्रक्रम बदलला की उत्तर बदलतं हे झालं. दिशेमुळे कधी उत्तर तेच राहतं पण वेळ बदलतो. पायथॉन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून, मॅट्रिक्सच्या गुणाकाराला @ हे स्वतंत्र चिन्ह आहे. ते आणताना झालेल्या पीईपी ४६५ या प्रस्तावात त्याची दिशा कुठली असावी यावर बराच काथ्याकूट झाला, शेवटी * सारखीच, डावीकडून. आता `अ @ ब @ व` घ्या, अ आणि ब या १००० × १००० च्या मॅट्रिक्स आणि व हा १००० घटकांचा सदिश. डावीकडून गेलं की आधी अ @ ब: सुमारे एक अब्ज गुणाकार. `अ @ (ब @ व)` लिहिलंत तर दोन्ही मिळून वीस लाख. गणिताच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. हजारो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये ही ओळ असेल तर एक कंस म्हणजे रात्रभर आणि पाच मिनिटं यांतला फरक होऊ शकतो.

'गणिताच्या दृष्टीने सारखेच' हेही अपूर्णांकांत पूर्ण खरं नाही. `०.१ + ०.२ + ०.३` चं उत्तर ०.६००००००००००००००१ येतं आणि `०.१ + (०.२ + ०.३)` चं ०.६. यावर वेगळा लेख लागेल.

शेवटचा फरक कंसांचा नाही, अर्थाचा आहे, पण खगोलशास्त्राकडे वळणाऱ्यांना लागेल. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिथे ज्यांची निरीक्षणं होतात त्या पल्सारचे स्पंद एकावर एक रचताना प्रत्येक क्षण आवर्तनाच्या कितव्या भागात पडतो ते बाकी काढून बघतात. संदर्भ-क्षणाच्या आधीचा वेळ ऋण येतो. `-७ % ३` पायथॉनमध्ये २, सी मध्ये −१. सी मधून आणलेल्या कोडमध्ये ऋण बाकीसाठी जास्तीची दुरुस्ती केलेली असते, ती पायथॉनमध्ये तशीच उतरवली तर काय होईल ते आधी तपासा. फोर्ट्रानने दोन्हींना वेगळी नावं देऊन वाद मिटवलाय, मॉड आणि मॉड्युलो.

मग हे सगळं पाठ करायचं का? माझं उत्तर: नाही. केनेथ आयव्हर्सन यांनी एपीएल भाषा करताना अग्रक्रमाचा तक्ताच काढून टाकला, सगळं उजवीकडून बांधायचं, संपलं. तिथे ३ × २ + १ म्हणजे ९. स्मॉलटॉकने सगळं डावीकडून केलं, तिथे २ + ३ * ४ म्हणजे २०. लिस्पने प्रत्येक ठिकाणी कंसच घालायला लावले. ज्यांनी भाषा घडवल्या त्यांनाच तक्त्याचा इतका कंटाळा होता. बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि घात एवढंच लक्षात ठेवा, बाकी सगळीकडे कंस. भागाकाराच्या खाली एकापेक्षा जास्त गोष्टी असतील तर छेदाला स्वतःचं नाव द्या:

    छेद = २ * सिग्मा**२
    घातांक = -(क्ष**२) / छेद

ओळ लांबते, पण सहा महिन्यांनी तुम्हालाच वाचायची असते.

मशीनने कंस कुठे घातले हे बघायचंच असेल तर पायथॉनसोबत एएसटी नावाचं मॉड्यूल येतं. त्यातल्या पार्स या फंक्शनला तुमची ओळ अवतरणचिन्हांत द्या आणि जे मिळेल ते डम्पला द्या. झाडासारखी रचना छापून येते. जी क्रिया सगळ्यात बाहेर, ती सगळ्यात शेवटी होणार. मघाच्या गाउसच्या ओळीवर चालवा, सगळ्यात बाहेर गुणाकार दिसेल. तुम्हाला तिथे भागाकार हवा होता.

सरावासाठी चार ओळी देते. आधी कागदावर अदृश्य कंस घाला, मगच मशीनवर चालवा.

    -३**२ + ९
    ८ // ३ * ३
    नॉट अ == ब
    १ < ३ == ३

पहिली एक्सेलमध्येही ^ वापरून करून बघा. चौथी सी येत असेल तर सी मध्येही चालवा, तिथे उत्तर उलटं येतं.